समुद्रकाठची तीन मैदानं आणि लेकीचं लग्न

माझ्या जिभेला हाड नाही, हे तासगावात कुणालाही विचारा. मी दहा गाड्या बेदाणा पाठवला म्हणालो की बाजारातला माणूस आधी चारानं भागतो, आणि उरलेल्यातून आणखी एखादी गाडी वजा करतो. धंदा त्यामुळं कधी अडला नाही. समोरचाही तसाच बोलतो, आणि शेवटी खोकं उघडून चार मणी दाताखाली घेतले की दोघांच्याही तोंडाचं काम संपतं. पण लेकीचं लग्न म्हणजे काही चावून बघायचा माल नव्हे. तिथं तोंडातून एक आकडा वाढीव गेला की गेला.

लेक मिरजेला एका दवाखान्यात लोकांचे आखडलेले गुडघे-खांदे मोकळे करते. तिथंच हाडांचा एक तरुण डॉक्टर तिला आवडला, त्याला ती आवडली. मुलगा सोन्यासारखा. अडचण एकच, त्याचे वडील. साताऱ्याचे, फौजेतून निवृत्त झालेले कर्नल. आई लहानपणीच गेलेली, बापानं एकट्यानं वाढवलेलं पोर. त्यामुळं बापाच्या शब्दाबाहेर तो पाऊल टाकणार नव्हता. आणि माझी लेक अशी, की बापाचं मन मोडून आलेला नवरा तिला नको होता. म्हणजे सगळी गाठ त्या एका माणसाच्या होकारावर, आणि तो होकार मिळवायची जबाबदारी कुणावर, तर माझ्या जिभेवर.

साताऱ्यात त्यांच्या घरी आम्ही तिघं गेलो. घर असं टापटीप, की चपला काढल्या तर त्या आपोआप एका रांगेत उभ्या राहिल्या. बायको पोह्यांची बशी मांडीवर घेऊन बसली होती. कर्नलसाहेबांनी मला विचारलं, "पाहुणे, आपण काय खेळता?"

आता माणसानं सांगावं, काही नाही. पण कोपऱ्यात एक उंच कातडी पिशवी उभी होती, तिच्यातून लोखंडी डोक्याच्या काठ्या बाहेर बघत होत्या. मी त्या बघितल्या आणि तोंड माझ्या आधी बोललं.

"खेळतो की. गोल्फ."

बायकोचा चमचा पोह्यात तसाच राहिला. लेकीनं डोळे मिटले.

"अच्छा? कुठं?"

"दुबईत. बेदाण्याच्या कामानं सारखं जावं लागतं. तिथं वाळवंटातच मैदान. बॉल वाळूत गेला की उंट हुंगून काढतो. शिकवलेला उंट असतो."

कर्नलसाहेब हसले नाहीत. "उंट," ते म्हणाले, आणि थोडा वेळ माझ्याकडं असे बघत राहिले, जसं कुणी नकाशावर नसलेल्या टेकडीकडं बघावं. मग म्हणाले, "ठीक है. मी दर डिसेंबरात गोव्याच्या किनाऱ्याला जातो. तीन कोर्स आहेत, रोज एक. या वेळी आपण दोघं जाऊ. मुलांचं काय ते आल्यावर सांगेन. माणूस जेवणाच्या ताटावर कळत नाही, गोल्फमध्ये कळतो."

साताऱ्याहून कराडपर्यंत लेक एक शब्द बोलली नाही. कराड मागं पडल्यावर म्हणाली, "आबा, हे लग्न मोडलं ना, तर पत्रिका जुळली नाही म्हणून नाही मोडायचं. उंटामुळं मोडेल."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. भीती होती. 

डिसेंबर उजाडेपर्यंत मी आमच्या बेदाण्याच्या शीतगृहामागच्या आवारात सराव केला. काठी म्हणून घरातली जुनी वाकड्या मुठीची काठी उलटी धरली, बॉल म्हणून लिंबं. मोबाइलवर एक गोरा माणूस काठी कशी धरायची, कंबर कशी फिरवायची ते दाखवायचा, मी फिरवायचो. आवारात लिंबाचा असा वास सुटला की शेजारचे लोक लोणच्याची चौकशी करायला यायचे. बायको एकदा दारात उभी राहून बराच वेळ बघत होती.

"आवं," ती म्हणाली, "खेळताय का रान भांगलताय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला न्हाई कळत. पण तुमास्नी तरी कळतंय का?"

काठी कशी मारायची एवढं मला कळलं होतं. पुढं काय, ते कळलं नव्हतं. विचारणार कुणाला? मी दहा वर्षं गोल्फ खेळतोय हे तोवर मीच अख्ख्या बाजारपेठेत सांगून ठेवलं होतं. लोक उलट माझ्याकडंच शिकायला येऊ लागले होते, आणि दोघाजणांना मी शिकवलंही.

निघायच्या सकाळी लेकीनं एकच अट घातली. "कमी बोला." कर्नलसाहेब स्वतः गाडी चालवत होते, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. कोल्हापूर गेलं, आजरा गेलं, मी गप्प. आंबोलीचा घाट उतरताना माझं पोट न बोललेल्या शब्दांनी नगाऱ्यासारखं फुगलं होतं. त्यांनी दोनदा विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी दोन्ही वेळा फक्त मान हलवली, आणि ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण होतं.

पहिलं मैदान माडांच्या बनात होतं, एका मोठ्या हॉटेलच्या मागं. पलीकडं समुद्र, अंगावर मऊ ऊन, आणि गवत असं, की आमच्या दुष्काळी म्हसवडकडच्या मेंढरांनी ते बघितलं असतं तर देवाला सोडून त्यालाच नवस बोलली असती. ऐन डिसेंबरात फवारे चालू. माझं मात्र तिकडं लक्ष कुठं होतं! खिशात हात घालून मी लेकीचा चेहरा आठवत होतो आणि घामानं भिजत होतो.

कर्नलसाहेबांनी पहिला बॉल मारला. तो पाखरासारखा गेला आणि लांब गवतावर जाऊन बसला. मग मी. मी त्यांच्याच पिशवीतली काठी घेऊन गोऱ्या माणसासारखी कंबर फिरवली, काठी आली आणि गेली, बॉल जागच्या जागी. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्या वेळी बॉल निघाला आणि एका माडाला विचारपूस करून परत आला. असं करत करत मी त्या दूरच्या झेंड्यापाशी पोचलो आणि एकदाचा बॉल भोकात पडला.

कर्नलसाहेबांनी खिशातून कार्ड आणि पेन्सिल काढली. "माझे पाच. तुमचे?"

फक्त पाच! एवढी वर्षं खेळणारा माणूस आणि पाच! मला त्यांची दया आली. माझे हवेतले धरून पंधरा झाले होते. पण पंधराचे पंधराच सांगील ती माझी जीभ कसली?

"अठरा," मी म्हणालो. आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून पाठीवर हात ठेवला. "होईल, होईल. पहिलाच तर होता."

पेन्सिल थांबली. "हवेत गेलेलेसुद्धा मोजलेत?"

"सगळे. एक सोडत नाही मी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काहीतरी हललं. मला वाटलं, हरल्याचं दुःख.

पुढं मला खेळ सापडला. झेंड्याजवळ आल्यावर बॉल अलगद भोकाच्या या बाजूहून त्या बाजूला, त्या बाजूहून या बाजूला ढकलत राहायचं. क्रिकेटमध्ये चोरटी एकेरी घेतात तसं. एका होलवर तर मी असा जम बसवला की मागून येणारी चार माणसं छत्री उघडून सावलीत बसली. कर्नलसाहेब शांतपणे उभे. शेवटी त्यांनी बेरीज केली. त्यांचे पंचेचाळीस, माझे एकशे एकतीस.

संध्याकाळी किनाऱ्यावरच्या झापाच्या हॉटेलात बसलो. तळलेला बांगडा आला. कर्नलसाहेब पहिल्यांदाच मोकळं बोलले. "पाहुणे, खरं सांगू? तुमच्या त्या उंटामुळं मी जरा साशंक होतो. पण मोठमोठ्या अधिकाऱ्यांबरोबर खेळलोय मी. स्वतःचा आकडा असा निर्दयपणे मोजणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता."

काय दिलदार माणूस, मी मनात म्हणालो. तिपटीनं हरला, तरी बोलतो कसा!

लेकीचा फोन आला. मी लाटांकडं तोंड करून उभा राहिलो.

"आबा, कसं झालं?"

"अगं जिंकलो! त्यांचे पंचेचाळीस, माझे एकशे एकतीस."

 

"जिंकलात?" ती हळू म्हणाली. "तिपटीनं? आबा, मुलाच्या बापाला त्याच्याच खेळात तिपटीनं हरवून सोयरीक जुळवतं का कुणी? त्यांना आयुष्यात तेवढी एकच हौस आहे."

"पण ते रागावले नाहीत गं."

"फौजी माणूस आहे तो. दाखवतील का? आबा, माझं ऐका. उद्या हरा. काहीही करा, पण हरा."

तिचं म्हणणं मला लगेच पटलं. आमच्याकडं कुस्तीचा नाद, तेव्हा नुरा कुस्ती म्हणजे काय हे मला शिकवायला नको. पाहुण्याला छातीवर घेऊन आपणच आपले चीत व्हायचं. मी जेवायला परत बसलो. एका दिवसात केवढी माती खाल्ली आपण! समोर तो भला माणूस काटा काढून बांगडा खात होता आणि मला त्याच्या प्रत्येक घासात नकार दिसत होता.

दुसरं मैदान समुद्रावर आलेल्या एका कड्याच्या माथ्यावर होतं. खाली पाणी काचेसारखं, वर आभाळात ढगाचा ठिपका नाही, लोक ऊन अंगावर घ्यायला इथं परदेशातून येतात. आणि वारा असा, की मी मारलेल्या एका बॉलला त्यानं रत्नागिरीकडं वळवून दिलं. तो बॉल अजून जमिनीवर आला नसावा.

पहिल्या होलवर माझे चौदा झाले. कर्नलसाहेबांचे चार.

"तुमचे?"

आता हरायचं होतं. "तीन," मी नम्रपणे म्हणालो.

पेन्सिल कार्डावर टेकलेली, पण हलेना. "किती?"

अरे, तीनही जास्त झाले वाटतं. "दोन," मी म्हणालो.

"पाहुणे, मी इथंच उभा होतो. पुन्हा मोजा."

"तुमचं मन मोडायचं नाही मला, साहेब. एक लिहा. तुमच्यापुढं आमची काय मिजास!"

त्यांनी काहीतरी लिहिलं आणि चालू लागले. त्यांची पाठ अशी ताठ, की तिच्यावर झेंडा लावता आला असता. मला कळेना, माणूस अजून नाराज कसा? बाजारात समोरच्यानं कपाळाला आठी घातली की आपण उतरायचं, एवढंच मला ठाऊक. मी उतरत गेलो. पुढच्या होलवर दोन सांगितले, त्याच्या पुढच्यावर एक. आठी वाढतच गेली. छातीत धडधड अशी की खाली समुद्राला भरती आली असेल तर ती माझ्यामुळंच. पाचव्या होलवर बॉल झुडपात गेला, अर्धा तास मी तिथं धारकरी होऊन लढलो, आणि बाहेर येऊन दोन्ही हात जोडून म्हणालो, "साहेब, शून्य लिहा. मी हा होल खेळलोच नाही असं समजा."

कर्नलसाहेबांनी पेन्सिल खिशात ठेवली. कार्ड मुडपलं, तेही खिशात ठेवलं.

"आज एवढंच पुरे," ते म्हणाले. "उद्याचं रद्द. सकाळी परत निघू."

त्या दिवशी ते जेवले नाहीत, मीही नाही. लेकीचे तीन फोन आले, मी एकही उचलला नाही. काय सांगणार? मी हरलो गं, जीव तोडून हरलो, अगदी शून्यावर आलो, आणि तरी माणूस हातचा गेला! शेवटी बायकोचा फोन आला तो घेतला.

"पोरगी दवाखान्यातनं घरी आली न्हाई अजून," ती म्हणाली. "तितंच बसलीय म्हणं, फोनकडं बघत. काय झालंय तिकडं?"

"काही न्हाई. ऊन लय हाय."

तासगावात ती कुणालाही सांगेल की मी एवढं कमी कधीच बोललो नव्हतो. तिला त्यावरूनच सगळं कळलं. तिनं फोन ठेवला.

सकाळी गाडी निघाली. किनारा सोडून आत वळल्यावर तांबड्या दगडाचा माळ लागला. काजूची झाडं, मधूनमधून झेंडे. तेच तिसरं मैदान. गवत नावाला, सगळा जांभा. कर्नलसाहेबांनी तिकडं बघितलं आणि समोरच्या टपरीपाशी अचानक गाडी उभी केली. दोन चहा सांगितले. चहा आला, निवला. मग ते ग्लास बाकावर ठेवून म्हणाले,

"पाहुणे, मी फौजेत चोर पाहिलेत. सज्जनही पाहिलेत. पण पहिल्या दिवशी सज्जन आणि दुसऱ्या दिवशी चोर असा माणूस नाही पाहिला. मला झोप लागली नाही. परवा तुम्ही हवेतला फटकाही सोडला नाहीत, काल डोळ्यांदेखत कमी केलेत. का?"

उंटासारखं काहीतरी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण लेक फोनकडं बघत बसलेली मला दिसली.

"परवा जिंकायचं होतं," मी म्हणालो. "काल हरायचं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे परवा मी तुम्हाला तिपटीनं हरवलं. लेक म्हणाली, सोयऱ्याला असं हरवू नका. म्हणून काल हरत होतो. जेवढं जमेल तेवढं हरलो, साहेब. शून्याच्या खाली कसं जायचं ते मला येत नाही."

 

"पाहुणे," ते अगदी सावकाश म्हणाले, "गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी, तो जिंकतो."

"कमी?"

"कमी."

"मग कशाला खेळायचं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मला वाटलं, संताप आवरतायत. बऱ्याच वेळानं त्यांनी रुमालानं डोळे टिपले आणि म्हणाले, "दुबई?"

"एकदा गेलो होतो. हॉटेलच्या खिडकीतनं लांबून एक मैदान दिसत होतं."

"आणि उंट?"

"उंट होता. पण तो कामाचा नव्हता."

ते उठले, गाडीची डिकी उघडली आणि पिशवी खांद्यावर घेतली. "चला. हे मैदान खेळू. पण आज मला खरा आकडा पाहिजे. वाढीव नको, कमी नको. होकार-नकार त्याच्यावर."

देवाशप्पथ सांगतो, मी आयुष्यात एवढं अवघड काम केलं नाही. मारणं सोपं होतं. मारून झाल्यावर जेवढे झाले तेवढेच सांगायचे, हे महाकठीण. जांभ्यावर बॉल अशा उड्या घेई, जसा तव्यावरचा थेंब. प्रत्येक होलला ते विचारत, "किती?" तेरा. तोंड आवळून म्हणायचं, तेरा. अकरा. सोळा. एकेक आकडा दाढ उपटल्यासारखा निघत होता. ते लिहीत होते, चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं, आणि मी त्या कोऱ्या चेहऱ्यात माझ्या लेकीचा मांडव कधी उभा तर कधी आडवा बघत होतो.

शेवटच्या होलला माझा बॉल काजूच्या दाट जाळीत शिरला. ते लांब झेंड्यापाशी उभे होते, जाळीतलं त्यांना काही दिसत नव्हतं. मी आत वाकलो. बॉल दोन दगडांच्या बेचक्यात. एक मारला, दगडाला लागला. दुसरा, तिसरा, फांदीला. चौथ्याला काठी हातातून सुटली. पाचव्यालाही तो हलेना, तेव्हा मला असा राग आला की मी त्याला लाथ घातली. आणि तो काय सुरेख गेला म्हणून सांगू! जाळीतून निघाला, माळावरून टुणटुणत थेट झेंड्यापाशी, कर्नलसाहेबांच्या बुटाजवळ जाऊन थांबला.

"वा!" ते लांबून ओरडले. "क्या शॉट है! एकात काढलात?"

मी जाळीबाहेर आलो. अंगभर ओरखडे. त्यांच्यापर्यंत चालत जाईस्तोवर माझ्या तोंडात दोन आकडे भांडत होते, एक म्हणत होता चाळीस सांग, दुसरा म्हणत होता एक सांग, तेच विचारतायत, हो म्हण. ऊन डोक्यावर आलं होतं.

"पाच," मी म्हणालो. "आणि एक लाथ."

"लाथ?"

"लाथ. जो दिसला तुम्हाला, तो लाथेचा होता."

कर्नलसाहेबांनी डोकं मागं टाकलं आणि असे हसले, की काजूतली पाखरं उठून समुद्राकडं गेली. तीन दिवसांत त्यांचे दात मी पहिल्यांदा बघितले. मग त्यांनी कार्डावर आकडा लिहिला, लाथेचा दंड धरून, आणि पेन्सिल माझ्या खिशाला अडकवली.

"व्याही," ते म्हणाले, "पोरीला फोन लावा."

व्याही! मला आधी तो शब्दच कळला नाही. घाईत पहिला फोन चुकून टेंपोवाल्याला लागला. दुसऱ्यांदा लेकीनं पहिल्या घंटीला उचलला.

"अगं, जमलं! होकार दिला त्यांनी!"

पलीकडून आवाज आला, घाबरलेला, जपून टाकलेला. "आबा, नीट सांगा. होकार दिला, की देतील असं तुम्हाला वाटतंय?"

"दिला गं!"

"चारानं भागून सांगा."

"अगं, आईशप्पथ..."

"आबा, प्लीज. माझ्याशी तरी आज असं नका करू."

तिचा आवाज फाटला. आयुष्यभर बोललो आणि जेव्हा एक खरी गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा माझ्याकडं तिला पटेल असा शब्द नव्हता. कर्नलसाहेब शेजारीच उभे होते. त्यांनी हात पुढं केला आणि फोन घेतला.

"पोरी, मी बोलतोय," ते म्हणाले. "हो. हो, दिला. मिरजेला येतो परवा, तारीख काढू." थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघत म्हणाले, "नाही नाही, खरं सांगतायत ते. आज सकाळपासून सांगायला लागलेत."

फोन त्यांच्या कानाला असूनही मला ऐकू आलं. लेक रडत होती का हसत होती, ते मात्र मी सांगणार नाही. सांगायला गेलो तर वाढवूनच सांगेन.